पुण्यात सहा महिने राहून घरून काम करायचंय? आधी गल्ली निवडा

कोथरूड चांगलं की बाणेर, या प्रश्नाला खरं तर उत्तर नाही. डहाणूकर कॉलनीतल्या एखाद्या आतल्या गल्लीत दुपारी पंख्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता असते, आणि तिथून दोन गल्ल्या सोडून जुनी सोसायटी पाडायचं काम सुरू असतं. ऑफिसला जाणाऱ्याला हा फरक जाणवत नाही, कारण सकाळी नऊ ते रात्री आठ तो घरी नसतोच. घरून काम करणारा दिवसभर तिथेच असतो. लाइट, पाणी, इंटरनेट, आवाज आणि ऊन या पाचही गोष्टींशी त्याची गाठ नेमकी कामाच्या वेळेत पडते. म्हणून पुण्यात तीन ते अकरा महिन्यांसाठी घर बघताना भागाचं नाव नंतर, गल्ली आधी. आणि गल्लीच्याही आधी तुमचं घड्याळ.

घड्याळ

तुमच्या बैठका भारतीय वेळेनुसार किती वाजता पडतात ते कागदावर लिहून काढा. लंडनच्या टीमसोबत नऊ ते पाच काम असेल, तर उन्हाळ्यात दुपारी १:३० ते रात्री ९:३० आणि हिवाळ्यात २:३० ते १०:३०. न्यूयॉर्कची वेळ असेल तर उन्हाळ्यात संध्याकाळी ६:३० ते मध्यरात्री २:३०, हिवाळ्यात ७:३० ते ३:३०. सिडनीवाल्यांचा दिवस पहाटे ४:३० ला सुरू होतो, तिकडे उन्हाळा असला की ३:३० लाच.

या आकड्यांवरून निम्मं शहर आपोआप गळतं. न्यूयॉर्कच्या वेळेत काम करणाऱ्याला सकाळी सात ते दुपारी एक झोप हवी. त्याने शाळेच्या, भाजी मंडईच्या किंवा चालू बांधकामाच्या शेजारी घर घेऊच नये, मग भाडं कितीही कमी असो. लंडनवाल्याची अडचण उलटी असते. त्याच्या महत्त्वाच्या बैठका संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत येतात आणि पुण्यात सर्वांत जास्त आवाज त्याच वेळी असतो: वाहतूक, लॉनवरची लग्नं, मैदानावरची मुलं आणि पावसाळ्यात ढोल-ताशा पथकांचा सराव. पहाटे काम सुरू करणाऱ्याला रात्री नऊला शांतता लागते, म्हणजे हॉटेलं आणि पबच्या पट्ट्यातली घरं त्याच्यासाठी बाद. भारतीय वेळेतच काम करणाऱ्याला सर्वांत जास्त मोकळीक असते. त्याला मुख्यतः गुरुवार सांभाळायचा असतो.

गुरुवार

पुण्यात नव्याने येणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. महावितरणची देखभाल-दुरुस्तीची कामं परंपरेने गुरुवारी निघतात. दर गुरुवारी प्रत्येक गल्लीतली लाइट जाते असं नाही, पण जेव्हा जाते तेव्हा सकाळी गेलेली दुपारपर्यंत न येणं अगदी सामान्य आहे. महापालिकाही पाणीपुरवठ्याची कामं बहुधा गुरुवारीच काढते आणि मग 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल' असं जाहीर होतं. म्हणजे एकाच दिवशी दोन्ही गोष्टी जाऊ शकतात.

म्हणून घर बघायला एक चक्कर गुरुवारीच मारा. वॉचमनला, शेजाऱ्याला आणि खालच्या वाण्याला वेगवेगळं विचारा: गुरुवारी लाइट किती वेळ जाते? 'कधीतरी जाते' या उत्तराला अर्थ नाही. 'मागच्या महिन्यात किती वेळा?' असं विचारलं की नीट उत्तर मिळतं. वाण्याचं उत्तर सर्वांत विश्वासाचं, कारण त्याचा फ्रिज त्या लाइटवर चालतो.

मोठ्या सोसायटीत 'जनरेटर बॅकअप आहे' असं एजंट सांगतो. बऱ्याच ठिकाणी तो जनरेटर फक्त लिफ्ट, जिना आणि पाण्याच्या पंपासाठी असतो. 'फ्लॅटच्या आत किती पॉइंट बॅकअपवर आहेत, आणि त्यात राउटरचा पॉइंट येतो का?' हे विचारून घ्या, शक्य असेल तर लाइट गेलेली असताना स्वतः बघा.

इन्व्हर्टर असेल तर बॅटरीवरची तारीख वाचा. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-अवर देते, त्यातली सुमारे ७० टक्के वीज हाताशी येते. पंखा ७५, लॅपटॉप ६५, दिवा २० आणि राउटर २० वॉट धरले तर एकूण १८०. म्हणजे नवी बॅटरी सात तास टिकते. चार वर्षं वापरलेली बॅटरी त्याच्या निम्म्यावर येते, आणि साडेतीन तासांत गुरुवार संपत नाही. इन्व्हर्टर नसेल आणि मुक्काम लहान असेल, तर राउटर आणि भिंतीवरच्या फायबरच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. दोन्ही उपकरणांच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघूनच घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले की तो जळू शकतो.

तार कुठवर आली आहे

'इथे सगळ्यांचं इंटरनेट येतं' हे वाक्य तपासल्याशिवाय मान्य करू नका. इमारतीच्या जिन्यातल्या शाफ्टमध्ये प्रत्येक मजल्यावर कंपन्यांचे छोटे डबे असतात. कुणाकुणाचे डबे आहेत ते स्वतः जाऊन बघा. काही सोसायट्यांनी एकाच कंपनीला आत येऊ दिलेलं असतं, आणि त्या कंपनीची लाइन तुटली की दुसरा पर्याय नसतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे डबे असतील तर निश्चिंत राहता येतं.

जुन्या भागांत तारा खांबांवरून आणि झाडांतून लोंबकळत येतात. पालिकेचं पथक अनधिकृत ओव्हरहेड केबल कापून जातं, जूनच्या पहिल्या वादळात फांदी पडून त्या तुटतात, रस्ता खोदताना जमिनीखालचीही तुटते. दुरुस्तीला चार तास लागतात की दोन दिवस, हे त्या गल्लीतल्या स्थानिक केबलवाल्यावर अवलंबून असतं. म्हणून त्याच इमारतीतल्या घरून काम करणाऱ्या माणसाला गाठा. हल्ली प्रत्येक इमारतीत एक तरी सापडतोच. त्याला एवढंच विचारा: शेवटची लाइन कधी गेली होती आणि किती वेळाने आली?

चाचणी घेताना डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका. व्हिडिओ बैठकीला अपलोड लागतो. एका माणसाला चांगल्या चित्रासाठी ३ ते ४ एमबीपीएस पुरतात, दोघं जण एकाच वेळी बोलणार असतील तर १० धरा. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे लाइन सलग टिकते का. लॅपटॉप घेऊन जा, शेजाऱ्याच्या किंवा मालकाच्या वायफायला जोडा आणि पाच मिनिटं सतत पिंग (दूरच्या सर्व्हरला छोटे संदेश पाठवून उत्तराचा वेळ मोजणारी चाचणी) चालू ठेवा. शंभरातली एकापेक्षा जास्त पाकिटं, म्हणजे हे संदेश, हरवत असतील, किंवा उत्तराचा वेळ मध्येच २० वरून २०० मिलिसेकंदांवर उडी मारत असेल, तर स्पीड टेस्ट कितीही छान दिसली तरी आवाज तुटणार. हे संध्याकाळी आठ ते दहा या वेळेत करा, तेव्हा अख्खी इमारत व्हिडिओ बघत असते.

पेठांतल्या वाड्यांच्या आणि सत्तरच्या दशकातल्या बंगल्यांच्या भिंती जाड असतात. हॉलमधल्या राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय आतल्या खोलीत पोहोचेपर्यंत अर्धमेलं होतं. मेश राउटरवर (खोलीखोलीत ठेवायच्या जोड-राउटरवर) पैसे घालण्याआधी १५ मीटरची कॅट-६ केबल, म्हणजे राउटरपासून लॅपटॉपपर्यंतची नेटवर्कची तार, भिंतीच्या कडेने टाकून बघा. काही महिन्यांच्या मुक्कामाला एवढं पुरेसं असतं.

मोबाइलची रेंज दरवाजात नाही, जिथे टेबल मांडणार त्याच कोपऱ्यात तपासा. घरच्या फायबरची कंपनी आणि मोबाइलचं सिम वेगवेगळ्या कंपन्यांचं असू द्या, म्हणजे दोन्ही एकदम बंद पडणार नाहीत. आणि हिशेब करून ठेवा: एक तासाची गट-व्हिडिओ बैठक साधारण १ ते १.५ जीबी खाते. रोजच्या २ जीबीच्या पॅकवर गुरुवारची दुसरी बैठक अर्ध्यातच संपते.

आवाज: दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो

सध्या पुण्यात घरून काम करणाऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पुनर्विकास. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे, सहकारनगर या भागांत सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या तीन-चार मजली सोसायट्या पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत. पाडकाम काही आठवड्यांचं असतं, पण त्यानंतर पायासाठी काळा कातळ फोडायचं काम सुरू होतं. पुण्याच्या जमिनीत बेसाल्ट फार खोल नसतो, त्यामुळे ब्रेकर महिनोन् महिने चालतो. तो आवाज खिडकी बंद करून थांबत नाही, जमिनीतून वर येतो.

घर पक्कं करण्याआधी इमारतीभोवती शंभर-दीडशे मीटरचा फेरा मारा. पत्रे लावलेला प्लॉट दिसला तर तिथल्या फलकावर महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा) नोंदणी क्रमांक असतो, तो महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की प्रकल्प पूर्ण करायची तारीख मिळते. जास्त धोका मात्र पत्रे न लागलेल्या इमारतीचा. निम्मे फ्लॅट रिकामे, बाल्कनीत कपडे नाहीत, गेटवर पुनर्विकासाच्या सभेची नोटीस, अशी इमारत शेजारी असेल तर तुमच्याच मुक्कामात ती पडणार असं धरून चाला. आणि तुम्ही घर घेताय ती सोसायटीच पुनर्विकासाला निघाली आहे का, हे सेक्रेटरीला थेट विचारा. अशा इमारतींत फ्लॅट स्वस्त मिळतात, कारण मालकाला पाडेपर्यंतचं भाडं हवं असतं.

बाकीचे आवाज ऋतूंप्रमाणे येतात. लग्नसराईत म्हात्रे पूल ते राजाराम पूल या डीपी रस्त्यावरची लॉन्स आणि मंगल कार्यालयं जागी असतात. पावसाळ्यात, गणेशोत्सवाच्या महिना-दोन महिने आधीपासून, नदीपात्रात आणि मैदानांवर ढोल-ताशा पथकांचा सराव रोज संध्याकाळी चालतो. डेक्कन, नारायण पेठ, एरंडवण्याची नदीकडची बाजू इथे तो थेट घरात येतो. ढोलाचा आवाज पुण्याच्या पावसाळ्याचा भाग आहे, आणि तो ऐकायला मुद्दाम पुण्यात येणारे लोकही आहेत. फक्त त्या वेळी तुमची ग्राहकासोबत बैठक असेल तर घर दुसऱ्या बाजूला घ्या. लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, पण सणांच्या काही दिवसांत सवलत मिळते.

विमाननगर, लोहगाव, धानोरी इथे एक वेगळी गोष्ट आहे. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी विमानांची सवय होते, पण लढाऊ विमान उडालं की अर्धा-एक मिनिट बोलणं थांबवावंच लागतं. हेडफोनचा आवाज गाळणारा माइक कुकरची शिट्टी गाळतो, हे गाळू शकत नाही. दिवसा जास्त बैठका असतील तर एक कामाचा दिवस तिथे बसून बघा.

पाणी, दोन्ही अर्थांनी

पाणी नसणं आणि पाणी घरात येणं, दोन्ही तपासायचं.

पेठा, डेक्कन, कोथरूड, सहकारनगर हे जुने भाग पालिकेच्या नळावर बऱ्यापैकी चालतात. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली. उंड्री, पिसोळी, सूस, म्हाळुंगे, वाघोली अशा ठिकाणी इमारती आधी झाल्या, पाणी मागून येतंय. बाणेर-बालेवाडीतही अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर असतात. वॉचमनला विचारा: एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर येतात? त्याला तो आकडा पाठ असतो, कारण गेट तोच उघडतो. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे की भाडेकरूकडून वेगळा घेतात, हे करारात लिहून घ्या. पिण्याच्या पाण्याचा फिल्टर चालू स्थितीत आहे ना आणि त्याचं शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं, हेही विचारा. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव-किरकटवाडीकडे, गिलन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे बरेच रुग्ण सापडले होते आणि तेव्हा पाण्याच्या स्रोतांकडेच बोट गेलं होतं. तिथे राहूच नका असं नाही, पण विहीर किंवा टँकरचं पाणी उकळूनच प्या.

आता दुसरा अर्थ. जुलै ते सप्टेंबर पुण्यात राहणार असाल तर नदी आणि ओढे कुठून जातात ते नकाशावर बघा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की डेक्कनजवळचा भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि कात्रजपासून अरण्येश्वर, सहकारनगरपर्यंत घरं आणि गाड्या वाहून गेल्या. या भागांतही उंचावरच्या इमारती अगदी सुरक्षित आहेत. प्रश्न तळमजल्याचा, पार्किंगचा आणि ओढ्यालगतच्या गल्लीचा आहे. कंपाउंडच्या भिंतीवर मातीची आडवी रेघ दिसली की समजायचं.

मुळा-मुठेच्या काठी, खराडी, मुंढवा, केशवनगरकडे, हिवाळ्याअखेर जलपर्णी वाढते आणि डास प्रचंड होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे डासांचे मनोरे हवेत दिसले होते. नदीकडच्या फ्लॅटला जाळ्या नसतील तर मालकाकडून आधी बसवून घ्या. संध्याकाळी खिडकी उघडता न आल्यामुळे घर कसं कोंदट होतं, हे फेब्रुवारीतच कळतं.

कुणी कुठे बघावं

महिन्यातून एक-दोनदा मुंबईला जावं लागत असेल तर पुणे स्टेशन किंवा शिवाजीनगर स्टेशन मेट्रोने गाठता येईल अशा ठिकाणी राहा. सकाळी ७:१५ ची डेक्कन क्वीन पकडायची तर हे अंतर फार महत्त्वाचं ठरतं. वनाझ ते रामवाडी ही मेट्रोची मार्गिका कोथरूड, डेक्कन, पुणे स्टेशन, येरवडा, कल्याणीनगर जोडते. दुसरी पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट जाते. दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकात मिळतात. मेट्रो स्थानकापासून चालत दहा मिनिटं, एवढी एक अट पाळली तरी पावसाळ्यातला निम्मा त्रास वाचतो. एक्स्प्रेस-वेने गाडी घेऊन जाणाऱ्याला वाकड, बाणेर, बावधन सोयीचं. हिंजवडीला आठवड्यातून दोन दिवस हजेरी असेल तर खराडी-हडपसरकडे घर घेऊ नका. अख्खं शहर ओलांडून जावं लागतं.

एकटा माणूस, डब्यावर जेवणारा, रोज संध्याकाळी चालायला जाणारा, असं असेल तर कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे हा पट्टा सर्वांत सोपा. पोळी-भाजी केंद्रं पावलापावलावर, आणि वेताळ टेकडी किंवा लॉ कॉलेजची टेकडी हाताशी. दिवसभर एका खोलीत बसणाऱ्याला संध्याकाळची टेकडी ही चैन नाही, औषध आहे, म्हणून भाग निवडताना टेकडीचं अंतर भाड्याइतकंच गंभीरपणे मोजा. बाणेर-पाषाणला बाणेरची टेकडी आहे, सहकारनगर-पर्वतीला तळजाई.

रात्रीच्या पाळीत काम करणाऱ्याला आणि ज्याला अधूनमधून को-वर्किंगचं टेबल लागणार आहे त्याला बाणेर, विमाननगर, कल्याणीनगर, कोरेगाव पार्क, खराडी बरं. रात्री उशिरा जेवण मिळतं, रस्ते जागे असतात, टेबल दिवसाच्या हिशेबाने भाड्याने मिळतं. को-वर्किंगमध्ये पैसे भरण्याआधी फोनवर बोलायच्या बंद खोल्या किती आहेत आणि त्या आधी राखून ठेवता येतात का, हे विचारा. टेबल भरपूर आणि खोल्या दोनच असतील तर बैठका जिन्यात उभं राहून घ्याव्या लागतात.

सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांचं आकर्षण अनेकांना असतं, आणि ते रास्त आहे. चालत जाण्याच्या अंतरावर सगळं मिळतं. पण तिथली बरीच घरं कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एकेक खाट भाड्याने, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना दिलेली असतात, एकट्याला स्वतंत्र शांत खोली कमी सापडते. अभ्यासिका भरपूर आहेत, स्वस्त आहेत, पण तिथे टाचणी पडली तरी माना वळतात. लिहिण्याचं किंवा कोडिंगचं काम असेल आणि बैठका नसतील तरच त्या उपयोगाच्या. गणेशोत्सवाचे दहा दिवस लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर रस्त्यांच्या आसपास गाडी बाहेर काढता येत नाही, आणि विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. आषाढी वारीत पालख्यांचा पुण्यात दोन रात्री मुक्काम असतो, नाना पेठ आणि भवानी पेठेत. तेव्हाही रस्ते बंद असतात. या तारखा पंचांगात आधीच असतात, त्या दिवसांत रजा टाकून उत्सव बघा.

अमेरिकेतून किंवा युरोपातून आई-वडिलांजवळ काही महिने राहून तिकडचं काम करायला येणारे बरेच मराठी लोक थेट आई-वडिलांच्याच घरी टेबल मांडतात. रात्री दोनपर्यंत बोलणं चालू, पहाटे पाचला घरात कुकर आणि देवपूजा. आठवड्याभरात दोन्हीकडची झोप मोडते. त्याच सोसायटीत किंवा पुढच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली तर जेवायला घरी जाता येतं आणि सगळ्यांचं बरं चालतं.

करार करण्याआधी दहा दिवस

ऑनलाइन फोटो बघून सहा महिन्यांचा करार करू नका. आधी दहा दिवसांसाठी या. पाच दिवस एका भागात, पाच दुसऱ्या भागात, लॉजवर किंवा सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये, आणि या दहा दिवसांत काम चालू ठेवा. पसंत पडलेल्या घराच्या गल्लीत चार वेळा जा: कामाच्या दिवशी सकाळी नऊला, दुपारी तीनला, संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला. त्यातली एक खेप गुरुवारची असू द्या. दुपारी तीनला पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. मार्च ते मे सर्वांत वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत चार वाजता लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागतो, आणि त्याच मजल्यावर जुलैत छताला ओल येते. मधला मजला, पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी, गल्लीच्या तोंडावर नाही तर आत, असं घर मिळालं तर थोडं जास्त भाडं द्यायला हरकत नाही.

मालक 'हो' म्हणाला तरी सोसायटी 'नाही' म्हणू शकते. अविवाहित भाडेकरू, अकरा महिन्यांपेक्षा लहान मुक्काम, रात्री येणारे-जाणारे, याबद्दल अनेक सोसायट्यांचे स्वतःचे नियम असतात. टोकन देण्याआधी सेक्रेटरीशी बोलून घ्या.

महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार किती महिन्यांचा आहे याने फरक पडत नाही, नोंदणी करावीच लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. '११ महिन्यांचा आहे, नोटरी पुरते' हे इतर राज्यांतलं ऐकीव ज्ञान इथे चालत नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के मानीव व्याज मिळून जी रक्कम होते तिच्या ०.२५ टक्के असतं. महिना २२,००० रुपये भाडं, ६०,००० डिपॉझिट आणि ११ महिने धरले तर ते सहाशे-सातशे रुपयांच्या घरात येतं. शहरात नोंदणी शुल्क १,००० रुपये. एजंट बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र घेऊन घरी येतो, त्याचे पैसे वेगळे. नोंदणीसोबत भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली गेली का, तेही विचारा.

करारात चार गोष्टी स्वतः वाचा. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही ती मुदत, किती महिन्यांचं आहे: सहा महिने राहणार असाल तर तीनवर आणा. नोटीस एक महिन्याची असावी, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी. घर सोडताना रंगकामाचे पैसे कापणार असतील तर नेमकी रक्कम लिहिलेली असावी, नाहीतर डिपॉझिटमधून एक महिन्याचं भाडं सहज जातं. आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, ती मुदत. पुण्यात डिपॉझिट साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकं मागतात आणि दलाली बहुधा एका महिन्याची. लहान मुक्कामाला दलाली कमी करायला सांगा, बरेच एजंट ऐकतात. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी मालकाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ते मालकाचं देणं आहे, तुमच्या भाड्यात वेगळं चढवू देऊ नका.

एक गोष्ट फार जण विसरतात. पुण्यातल्या अनेक फ्लॅटचे मालक परदेशात असतात. मालक अनिवासी भारतीय असेल तर भाड्यातून टीडीएस कापून भरायची जबाबदारी भाडेकरूवर येते, दर सेस धरून ३१.२ टक्के, आणि भाडं कमी आहे म्हणून सूट नाही. टोकन देण्याआधी मालक कुठे राहतो ते विचारा आणि तसं असेल तर एकदा सीएशी बोला. हा व्याप नको असेल तर पुण्यात राहणाऱ्या मालकाचंच घर बघा. नळ गळला तरी तो लवकर येतो.

चावी हातात घेताना विजेच्या मीटरचं रीडिंग, पाइप गॅस असेल तर त्याचंही रीडिंग, भिंतींवरची ओल, गिझर, फिल्टर आणि इन्व्हर्टरची बॅटरी यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. वीजबिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक टिपून घ्या. आधीची थकबाकी त्यावरून महावितरणच्या ॲपवर दिसते, आणि लाइट गेल्यावर १९१२ ला फोन लावला की तोच क्रमांक विचारतात. मालकाची परवानगी घेऊन त्या ग्राहक क्रमांकाला तुमचा मोबाइल जोडला, तर पुढच्या गुरुवारी लाइट किती ते किती नसेल याचा संदेश आधीच तुमच्याकडे येतो.